हजारातला एक थर : धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगमध्ये 'ओके' म्हणायचं कधी?



हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. बसमध्ये आवाज नीट ऐकू येत नाही, लायब्ररीत इअरफोन विसरलात, किंवा आकडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय डोक्यात शिरत नाहीत, अशा सगळ्यांसाठी. बोलताना मी जे हातवारे करत होते ते इथे शब्दांत आणलंय.

विषय आहे धातूचं थ्रीडी प्रिंटिंग आणि त्यात दर्जा कसा राखतात. आपल्याला याच्याशी काय करायचंय, असं वाटत असेल तर एवढंच सांगते. २०२५ मध्ये आलेल्या आयफोन एअरच्या चार्जिंग पोर्टचं टायटॅनियमचं आवरण थ्रीडी प्रिंट केलेलं आहे. विमानाच्या इंजिनात, रॉकेटमध्ये, माणसाच्या खुब्याच्या सांध्यातसुद्धा असे भाग बसतात. त्यामुळे ते आतून घट्ट आहेत की नाहीत हा प्रश्न आपलाही आहे.

खडूसारखा तुटलेला बार

साधारण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सॉफ्टवेअरवाली, बीटेक कॉम्प्युटर. वर्कशॉपशी माझा संबंध पहिल्या वर्षाच्या फायलिंगच्या प्रॅक्टिकलपुरता. मग अशा ठिकाणी नोकरी लागली जिथे धातूचे प्रिंटर होते. माझं काम असं, की प्रिंटरच्या आतला कॅमेरा प्रत्येक थराचा फोटो काढतो, तो बघून 'हा थर बरोबर, हा थर बिघडलेला' हे ओळखणारं मॉडेल लिहायचं.

एके दिवशी क्वालिटीच्या मॅडमनी मला खाली लॅबमध्ये बोलावलं. टेबलावर टायटॅनियमचा बोटाएवढा टेस्ट बार, दोन तुकड्यांत. असा बार मशीनमध्ये दोन्ही टोकांना पकडून ताणतात. चांगलं टायटॅनियम आधी लांबतं, मध्ये बारीक होतं आणि मग तुटतं. हा बार खडूसारखा तुटला होता. तुटलेली बाजू मायक्रोस्कोपखाली बघितली तर आत गोल गोल दाणे, अगदी साबुदाण्यासारखे. न वितळलेली पावडर धातूच्या पोटात तशीच बसलेली.

"तुझ्या सॉफ्टवेअरनं या बिल्डला काय शेरा दिला होता?" मॅडमनी विचारलं.

मी लॅपटॉप उघडला. सगळे थर हिरवे. खाली मोठ्या अक्षरात 'ओके'.

हा 'ओके' चुकला कसा, हे समजायला आधी मशीन समजून घेऊ.

मशीन आत काय करतं

धातू थराथरानं रचायच्या पद्धती बऱ्याच आहेत. आज मुख्यतः एकच घेऊ, सगळ्यात जास्त वापरली जाणारी : लेसर पावडर बेड फ्यूजन.

एक जाड धातूची प्लेट असते. तिच्यावर धातूची पावडर पसरतात, दाणा साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचा. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे दाणा केसापेक्षा बारीक. एक पट्टी, तिला रीकोटर म्हणतात, ही पावडर एकसारखी पसरवते. थराची जाडी ३० ते ६० मायक्रॉन. मग वरून लेसर येतो, जिथे धातू हवा तिथेच पावडर वितळवतो. प्लेट एका थराएवढी खाली जाते, पुन्हा पावडर, पुन्हा लेसर. हे सगळं बंद पेटीत, आर्गॉन गॅसमध्ये, कारण तापलेलं टायटॅनियम ऑक्सिजन दिसला की झडप घालतं.

आता एक गंमत करू. काडेपेटीपेक्षा जरा लहान जॉब घ्या : उंची ४० मिमी, एकूण २० घन सेंटिमीटर भरीव धातू. थर ४० मायक्रॉनचा, म्हणजे १००० थर. लेसरच्या दोन शेजारच्या रेघांमध्ये अंतर ०.१ मिमी. मग लेसर एकूण किती लांब रेघ मारतो? २०,००० घन मिमी भागिले ०.१ गुणिले ०.०४. उत्तर ५० लाख मिमी, म्हणजे ५ किलोमीटर.

काडेपेटीच्या आत ५ किलोमीटर वेल्डिंग! कुठल्याही वेल्डरला विचारा, ५ किलोमीटर सलग शिवण मार आणि एक इंचही खराब येता कामा नये. तो तुमच्याकडे बघून हसेल. मशीनकडून मात्र आपण नेमकं हेच मागतो.

लोखंड विकत आणणं आणि लोखंड बनवणं

नेहमीच्या वर्कशॉपमध्ये कसं असतं? बाजारातून सळई आणली. तिच्याबरोबर टीसी येतो, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट. त्यावर हीट नंबर, केमिस्ट्री, ताकद, सगळं लिहिलेलं. धातू आधीच तपासलेला. आपण फक्त आकार द्यायचा आणि शेवटी माप घ्यायचं. व्हर्नियर लावला, मायक्रोमीटर लावला, मापात आहे, पाठवा.

प्रिंटिंगमध्ये धातू आणि आकार एकाच वेळी जन्माला येतात. पावडरचा टीसी असतो, पण पावडर म्हणजे तुमचा जॉब नव्हे. जॉबमधला धातू त्या क्षणी, त्या जागी, त्या लेसरखाली तयार झालाय. तो कसा झाला हे बाहेरून माप घेऊन कळत नाही. माझा तुटलेला बार मापात अगदी बरोबर होता.

म्हणून या धंद्यात 'शेवटी तपासू' ही सवय चालत नाही. एवढी एक गोष्ट आजच्या एपिसोडमधून घेतलीत तरी पुरे.

तीन प्रकारची भोकं

आतली खोट बहुतेक वेळा भोकांच्या रूपात असते. शॉप फ्लोअरवर सगळे 'पोरोसिटी' म्हणतात. तिचे तीन भाऊ.

पहिला, उष्णता कमी पडली तर. भाकरी घाईत काढली की मध्ये कच्ची राहते ना, तसंच. लेसरची ताकद कमी पडली, वेग जास्त झाला किंवा पावडरचा थर जाड पडला, तर वितळलेला धातू खालच्या थरापर्यंत पोचत नाही. दोन थरांमध्ये फट राहते. ही फट चपटी, वेडीवाकडी, कडेला धारदार असते. थरांना समांतर असल्यामुळे जॉब उभ्या दिशेनं ताणला की ही फट चिरेसारखी उघडते. तिन्हींत हा भाऊ सगळ्यात वाईट. माझ्या बारमध्ये तोच होता.

दुसरा, उष्णता जास्त झाली तर. धातू नुसता वितळत नाही, उकळतो. वाफेच्या दाबानं वितळलेल्या डबक्यात खोल, अरुंद खड्डा पडतो, त्याला कीहोल म्हणतात. कीहोल असणं वाईट नाही, पण तो डळमळला की तळाशी बुडबुडा सुटतो आणि वरचा धातू गोठला की तिथेच अडकतो. भोक बहुधा गोलसर असतं.

तिसरा, पावडरच्या दाण्याच्या आतच अडकलेला गॅस. पावडर बनवताना वितळलेल्या धातूच्या धारेवर जोरात गॅस मारतात, तेव्हा काही दाण्यांत तो कोंडला जातो. ही भोकं लहान आणि गोल असतात.

एका आकड्यानं भागत नाही

मी नवीन असताना मला वाटायचं, उष्णता किती द्यायची याचा एक फॉर्म्युला असेल, तो लावला की झालं. फॉर्म्युला आहेच. लेसरची ताकद भागिले वेग गुणिले रेघांमधलं अंतर गुणिले थराची जाडी. याला एनर्जी डेन्सिटी म्हणतात. २८० वॅट, सेकंदाला १००० मिमी, ०.१ मिमी अंतर, ०.०४ मिमी थर : उत्तर ७० ज्यूल प्रति घन मिमी.

पण आता १४० वॅट आणि ५०० मिमी घेऊन बघा. उत्तर तेच, ७०. धातू मात्र तसाच वागेल याची खात्री नाही. मंद आचेवर दहा मिनिटं आणि मोठ्या आचेवर पाच मिनिटं, गॅस तेवढाच जळला म्हणून भाजी सारखी होत नाही. त्यामुळे हा आकडा अंदाजासाठी ठीक. खरी खिडकी, म्हणजे कुठल्या ताकदीला कुठला वेग चालतो, ती प्रत्येक धातूसाठी आणि प्रत्येक मशीनसाठी छोटे ठोकळे छापून, कापून, पॉलिश करून, मायक्रोस्कोपखाली बघूनच शोधावी लागते.

आणि खिडकी सापडली तरी ती तिथेच थांबत नाही. लेसरपुढची काच धुरानं काळी पडली तर पोचणारी ताकद कमी. पावडरमध्ये ओल शिरली तर ती नीट पसरत नाही. पावसाळ्यात मिठाच्या डबीचं काय होतं ते आठवा. पुन्हा पुन्हा वापरलेली टायटॅनियम पावडर हळूहळू ऑक्सिजन घेते आणि धातू कडक पण ठिसूळ होत जातो. विमानात आणि इम्प्लांटमध्ये वापरला जाणारा टायटॅनियमचा जो नेहमीचा मिश्रधातू आहे, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमवाला, त्यात ऑक्सिजनची मर्यादा ०.२० टक्के आहे, आणि त्याच्या जास्त शुद्ध प्रकारात ०.१३ टक्के. इतक्या बारीक फरकावर खेळ चालतो.

९९.९ टक्क्यांचा फसवा हिशोब

आता आजच्या नावातल्या 'हजारातल्या एका' थराकडे येऊ.

प्रिंट केलेला जॉब किती भरीव झालाय हे मोजायची सोपी पद्धत म्हणजे आर्किमिडीज. हवेत वजन, पाण्यात वजन, त्यावरून घनता. ब्रोशरमध्ये तुम्ही वाचाल : '९९.९ टक्के घनता'. ऐकायला काय भारी वाटतं!

आपल्या जॉबमध्ये १००० थर आहेत. उरलेला ०.१ टक्का म्हणजे किती? हजारात एक. म्हणजे एका अख्ख्या थराएवढी पोकळी.

ती पोकळी बारीक गोल भोकांच्या रूपात सगळीकडे विखुरलेली असेल तर बऱ्याच कामांना जॉब चालून जाईल. पण तीच पोकळी एकाच पातळीवर, चपटी, एकत्र आली तर जॉबचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडेच आहेत, फक्त अजून कुणाला कळलेलं नाही. घनतेचा आकडा दोन्ही वेळा ९९.९. उदाहरण मी मुद्दाम टोकाचं घेतलंय, पण मुद्दा खरा आहे. सरासरी काढली की जागा हरवते, आणि जॉब सरासरीवर तुटत नाही, तो सगळ्यात कमजोर जागी तुटतो.

नेमकी हीच चूक मी माझ्या मॉडेलमध्ये केली होती.

माझा पेपर फुटला होता

माझ्या मॉडेलची अचूकता ९९ टक्क्यांच्या वर होती. प्रेझेंटेशनमध्ये मी तो आकडा ठळक करून दाखवला होता. टाळ्या वगैरे.

बार तुटल्यावर मी कोड पुन्हा उघडला. पहिली चूक अर्ध्या तासात सापडली. डेटा वाटताना मी सगळ्या बिल्डचे फोटो एकत्र पिसले होते आणि त्यातले काही शिकवायला, काही परीक्षेला ठेवले होते. म्हणजे एका बिल्डचा ४१२वा थर शिकवणीत आणि ४१३वा परीक्षेत. दोघांत फरक किती? ४० मायक्रॉन! मॉडेलला उत्तरपत्रिका आधीच दिल्यासारखं झालं. पेपर फुटलेल्या परीक्षेत ९९ टक्के मिळाले, आणि मी पेढे वाटले.

दुसरी चूक. बिघडलेले थर मुळात फार कमी असतात. हजारात ५ खराब असतील तर डोळे मिटून सगळ्यांना 'ओके' म्हणणारं मॉडेलसुद्धा ९९.५ टक्के आणतं.

तिसरी चूक सगळ्यात खोल होती. थराच्या फोटोत कधी कधी बारीक ठिपके दिसायचे. एक पिक्सेल, दोन पिक्सेल. आमच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.१ मिमी. लेबल लावताना आम्ही ते 'किरकोळ' म्हणून बरोबरमध्ये टाकले होते. आम्ही म्हणजे मी आणि माझ्यासारखाच दुसरा सॉफ्टवेअरवाला.

ते ठिपके म्हणजे स्पॅटर होता. वेल्डिंग करताना ठिणग्या उडतात, तशाच इथेही वितळलेल्या धातूचे थेंब उडतात. आर्गॉनचा प्रवाह प्लेटवरून आडवा वाहतो, धूर आणि थेंब एका बाजूला वाहून नेतो. त्या दिवशी फिल्टर भरत आला होता, प्रवाह मंदावला होता. थेंब बाहेर जायच्या ऐवजी गॅस जिकडे जातो त्या कोपऱ्यातल्या पावडरवर पडत होते. शिवाय धुरामुळे तिथे लेसरची ताकदही कमी पोचत होती. पावडरच्या थरापेक्षा मोठा थेंब आणि वर मंद आच. वितळणार कसं?

फिल्टरच्या दाबाचे आकडे मशीनच्या लॉगमध्ये होते. माझं सॉफ्टवेअर ती फाइल वाचतच नव्हतं. फोटोंचं मॉडेल भारी वाटतं, फिल्टरचा दाब कोण बघतो?

मशीन चालवणारे दादा नंतर म्हणाले, "आवाजावरनं फॅन जोरात चाललाय हे कळत होतं. पण स्क्रीनवर हिरवं दिसत होतं, म्हणून मी गप्प बसलो." या वाक्यावर मला दोन रात्री झोप लागली नाही. माझ्या हिरव्या रंगानं एका अनुभवी माणसाचा कान बंद केला होता.

आणखी एक. तो टेस्ट बार त्या कोपऱ्यात उभा होता कारण मॅडमनी हट्ट धरला होता. चारही कोपऱ्यांत बार हवेतच, असं त्या म्हणत होत्या. मी मीटिंगमध्ये म्हटलं होतं, कशाला, जागा वाया जाते. माझं ऐकलं असतं तर बार मधोमध असता, तो चांगला निघाला असता, आणि कोपऱ्यातले जॉब पास होऊन गेले असते. ते ट्रायलचे ब्रॅकेट होते, सगळे भंगारात गेले, कुणाला इजा झाली नाही. पण 'असते' हा शब्द अजून टोचतो.

मग दर्जा राखायचा कसा

तीन टप्पे लक्षात ठेवा : आधी, चालू असताना, नंतर.

आधी : पावडरची तपासणी. दाण्यांचा आकार, ओल, ऑक्सिजन, पावडर वाहते कशी. रव्यासारखी सुटी वाहिली पाहिजे, मैद्यासारखी गोळा होता कामा नये. कुठली पावडर कितव्यांदा वापरली याची नोंद. लेसरची ताकद मशीनवर दिसते तेवढीच प्रत्यक्ष खाली पोचते का, हे मोजणं. जॉब प्लेटवर मांडायचा कसा, आणि कुठला आधी वितळवायचा. साधारण नियम असा, की गॅस जिकडे बाहेर पडतो त्या बाजूपासून सुरुवात करायची, म्हणजे उडालेले थेंब अजून न वितळलेल्या पावडरवर कमी पडतात.

चालू असताना : ऑक्सिजन, गॅसचा प्रवाह, फिल्टरचा दाब, थराचे फोटो, डबक्यातून येणारा प्रकाश. मध्येच लाइट गेली आणि मशीन थांबलं तर? जॉब गार होतो, आक्रसतो, पुन्हा सुरू केल्यावर त्या थरापाशी पायरी किंवा कमजोर जोड राहू शकतो. म्हणून असा खंड म्हणजे दर्जाची घटना मानून तिची नोंद करतात. 'रिझ्युम' दाबलं आणि विसरलं, असं करायचं नाही.

नंतर : प्लेटवरून कापण्याआधी भट्टीत ताण काढणं, कारण थरांच्या गार-गरम होण्यानं आत प्रचंड ताण साठतो आणि तसाच कापला तर जॉब वाकतो. मग टेस्ट बार ताणणं, एखादा जॉब कापून बघणं, सीटी स्कॅन.

या सगळ्याला एका सूत्रात बांधायचं काम मानकं करतात. नासानं २०१७ मध्ये पावडर बेडवर छापलेल्या धातूच्या अंतराळ-भागांसाठी मानक काढलं, आणि २०२१ मध्ये नासा ६०३० हे जास्त व्यापक मानक आलं. त्यांचा रोख काय? आधी प्रक्रिया सिद्ध करा, मग ती गोठवा, आणि प्रत्येक बिल्डबरोबर साक्षीदार नमुने छापा. मॅडमचे कोपऱ्यातले बार म्हणजे हेच साक्षीदार.

'गोठवा' हा शब्द आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना झोंबतो. आपल्याकडे अपडेट म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी एक बटण. इथे मशीनचं सॉफ्टवेअर बदललं, लेसर बदलला, पॅरामीटरच्या फाइलमध्ये एक आकडा हलला, तर प्रक्रिया पुन्हा सिद्ध करायची वेळ येऊ शकते.

इस्रोचं इंजिन आणि १९ जोड

९ मे २०२४ ला इस्रोनं पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं, म्हणजे पीएस४ चं, थ्रीडी प्रिंट केलेलं इंजिन महेंद्रगिरीला ६६५ सेकंद पेटवून बघितलं. आधी त्यात १४ भाग होते, ते एक झाले. १९ वेल्ड जोड नाहीसे झाले. आधी एका इंजिनाला ५६५ किलो कच्चा धातू लागायचा, आता १३.७ किलो पावडर. छपाई भारतातच, विप्रो थ्रीडीनं केलेली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला श्रीहरिकोटाहून चेन्नईच्या अग्निकुल कॉसमॉसचं रॉकेट उडालं, त्याचंही इंजिन एकसंध छापलेलं.

हे वाचून छाती फुगते, फुगलीच पाहिजे. पण क्वालिटीच्या नजरेनं बघा. १९ जोड होते तेव्हा कुठे बघायचं हे माहीत होतं, १९ ठिकाणी. जोड गेले म्हणजे वेल्डिंग गेलं असं नाही. ते आता इंजिनाच्या कणाकणात आहे. म्हणून अशा इंजिनामागे छपाईपेक्षा कितीतरी जास्त मेहनत 'हे भरवशाचं आहे' हे सिद्ध करण्यात जाते. ते ६६५ सेकंद त्या मेहनतीचाच भाग.

तुमचे नेहमीचे प्रश्न

*भोकं दाबून बुजवता येत नाहीत का?*
येतात, बरीचशी. हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग म्हणतात त्याला. टायटॅनियमसाठी साधारण ९०० अंशांच्या वर तापमान आणि हवेच्या दाबाच्या जवळजवळ हजारपट दाब. आतली बंद भोकं मिटतात. पण भोक पृष्ठभागाला उघडं असेल तर गॅस आत शिरतो आणि ते मिटत नाही. आत आर्गॉन कोंडलेला असेल तर पुन्हा तापवल्यावर भोक परत उघडू शकतं. म्हणजे हे औषध आहे, पण पथ्याला पर्याय नाही.

*सगळ्यांचं सीटी स्कॅन का करत नाहीत?*
पैसा आणि वेळ हे एक कारण. दुसरं म्हणजे जॉब जितका मोठा आणि जाड, तितकं स्कॅन धूसर. चपटी, बारीक फट, जी सगळ्यात धोकादायक, तीच नेमकी सुटते.

*एआय चालू असतानाच दुरुस्ती का करत नाही?*
हिशोब बघा. वितळलेलं डबकं समजा ०.१ मिमीचं, लेसरचा वेग सेकंदाला १००० मिमी. डबकं स्वतःएवढं अंतर सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात ओलांडतं. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि लेसर बदलायचा! तार किंवा पावडर नळीतून सोडून धातू चढवायच्या ज्या दुसऱ्या पद्धती आहेत, त्यात डबकं काही मिमीचं आणि वेग खूप कमी असतो, त्यामुळे तिथे कॅमेरा बघून ताकद कमी-जास्त करणं जास्त जमतं.

पण पावडर बेडमध्येही काम पुढे गेलंय. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक सुंदर काम आलं. शिकागोजवळच्या आर्गोन नॅशनल लॅबोरेटरीत (नाव सारखं वाटलं तरी गॅसशी संबंध नाही) जोरदार एक्स-रेनं वितळत्या धातूच्या आत बघितलं आणि त्याच वेळी थर्मल कॅमेऱ्यानं वरून चित्रण केलं. भोक नेमकं कधी तयार झालं हे एक्स-रेवरून कळलं, आणि ते लेबल वापरून थर्मल सिग्नलवर मॉडेल शिकवलं. मला त्यातलं मॉडेल आवडलं, पण त्याहून लेबल आवडलं. त्यांनी सत्य आत डोकावून शोधलं. मी फोटोकडे बघून ठरवलं होतं.

आता आम्ही काय करतो

तीन बदल केले. परीक्षेसाठी अख्खे बिल्ड वेगळे ठेवतो, शिकवणीत त्यांचा एकही थर नाही. लेबल लावताना मॅडम आणि दादा शेजारी बसतात, आणि कापलेल्या जॉबचे मायक्रोस्कोपचे फोटो समोर असतात. फिल्टरचा दाब, ऑक्सिजन आणि फोटो एकत्र वाचतो, आणि एकच कोपरा सलग काही थर संशयास्पद वाटला तर लगेच कळवतो. एक ठिपका किरकोळ असतो, त्याच जागी दहा थरांत दहा ठिपके किरकोळ नसतात.

चौथा बदल अगदी छोटा. स्क्रीनवरचा 'ओके' मी काढून टाकला. तिथे आता लिहिलेलं असतं, 'काही आढळलं नाही'. हिरवा रंगही नाही, साधा करडा. मॅनेजर म्हणाले, हे जरा कमी भारी दिसतं. दिसू दे. मागच्या महिन्यात दादांनी करडी स्क्रीन बघूनही मशीन थांबवलं, कारण पावडर पसरताना पट्टीचा आवाज वेगळा आला. उघडून बघितलं तर एका जॉबची कड वर उचलली गेली होती आणि पट्टी तिला घासत होती. माझ्या मॉडेलला ते अजून दिसलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी मेकॅनिकल, मेटलर्जीचं शिकत असेल आणि कोडिंग जमत असेल, तर या क्षेत्राकडे जरूर बघा. आणि माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले असाल तर या, पण पहिल्या आठवड्यात लॅपटॉप बंद ठेवून मशीनशेजारी उभे राहा.

पुढच्या एपिसोडमध्ये पावडर कशी बनते ते बघू. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. तोपर्यंत, भेटू!